कॅमेरा घडवणारा मेस्त्री

कॅमेरा म्हटलं की हल्ली आपली नजर आधी छताच्या कोपऱ्यात जाते. गेटवर, कॉरिडॉरमध्ये, मेसच्या दारात, जिकडे तिकडे सीसीटीव्ही! गेल्या वर्षी एका मित्राच्या हॉस्टेलमधून लॅपटॉप चोरीला गेला. रेकॉर्डिंग पाहिलं तर काय, कॅमेरा नेमका उघड्या दाराकडे तोंड करून लावलेला. बाहेरच्या उन्हाने चित्र पांढरंफटक आणि आत येणारा माणूस म्हणजे नुसती काळी सावली. चेहरा कुणालाच दिसला नाही, पण संशय गेला मेसमधल्या पोरावर. बिचारा काम सोडून गेला. ते ऐकलं आणि मला आपल्याच कोल्हापूरचा एक माणूस आठवला, बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. इंजिनिअरिंगची डिग्री सोडाच, चित्रकलेचंही रीतसर शिक्षण नाही. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातूनच पेंटर हे नाव पडलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? आपणच बनवू म्हणाले. आहे की नाही नाद खुळा!

काम सोपं नव्हतं. लेन्समागे फिल्म क्षणभर स्थिर थांबली पाहिजे, तेवढ्यात शटर उघडून मिटलं पाहिजे आणि लगेच पुढची फ्रेम सरकली पाहिजे. हाताने हँडल फिरवून हे सेकंदाला साधारण सोळा वेळा! दातऱ्यात जरा चूक झाली की चित्र हललंच. त्यातच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव खचले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. देशात घडवलेला हा पहिला सिनेमा-कॅमेरा मानला जातो.

मग त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी गाजू लागली. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, शाहू महाराजांचा आधार मिळाला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला म्हणे, की सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. ‘सिंहगड’ मध्ये १९२३ साली रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. देवादिकांच्या सिनेमांच्या त्या काळात हे धाडसच होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम हे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूची कंपनी पुढे बंद पडली. बाबूराव चित्र आणि शिल्पाकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज शिल्लक नाहीत, ही मनाला लागणारी गोष्ट.

आज आपण सीसीटीव्ही विकत घेतो, चार स्क्रू मारतो आणि विसरून जातो. त्याचं गणित मात्र बाबूरावांच्या वेळचंच आहे. प्रकाश कॅमेऱ्याच्या पाठीमागून यायला हवा, समोरून नाही. अंधारात बघायचं तर दिवा लागणारच, आता तो इन्फ्रारेड असतो एवढंच. सेकंदाला फ्रेम्स वाढवल्या तर हालचाल नीट दिसते, पण हार्डडिस्क लवकर भरते आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. बाबूरावांना हे कळत होतं, कारण प्रत्येक दाता त्यांनी हाताखालून घातला होता. आपल्याकडे तर लॅब आहे, वर्कशॉप आहे, इंटरनेट आहे! मग निदान कॅमेऱ्याचं तोंड कुठे वळवायचं एवढं तरी आपल्याला कळायला नको? नाहीतर चोर सुटतो आणि मेसमधलं पोर अडकतं.