मार्लवाईचा पाहुणा

बाजारहत्नूरच्या आमच्या जुन्या वाड्यात माजघराच्या कोनाड्यात एक पितळी पायली असे. तिच्याविषयी आजी एक गोष्ट सांगे. जोडेघाटच्या धामधुमीनंतरच्या हंगामात एक गोंड गृहस्थ डोक्यावर गाठोडे घेऊन दारी आला. त्याच्या बापाने मरणापूर्वी आजीकडून पेरणीसाठी दोन पायल्या जोंधळा हातउसना नेला होता. तो परत करावयास मुलगा आला होता. आजोबांनी वही चाळली. नोंद कोठेच नव्हती. आजीलाही आठवण राहिली नव्हती. त्याने धान्य मापून घातले, पाणी मागून प्यायला आणि तो निघून गेला.

या लोकांच्या सचोटीचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यारावळ्यांना सांगितली जाई आणि ऐकणारे माना डोलावीत. त्या गृहस्थाची तेरा एकर जमीन त्यापूर्वीच गहाणखतातून आमच्या नावे झाली होती, हा गोष्टीचा दुसरा भाग मला कळला तो वयाच्या चाळिशीनंतर, आणि तोही घरच्या कोणाकडून नव्हे. एका ऑस्ट्रियन पंडिताचा ग्रंथ वाचताना ज्या रीतीने या जमिनी गेल्या तिचे वर्णन समोर आले, आणि मी घरचे जुने दप्तर उघडले. त्या पंडिताचे नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. आदिलाबादेकडील जुन्या माणसांना हे नाव परके नाही. तथापि आपल्याकडील मराठी घरांतून त्यांचे चरित्र क्वचितच बोलले जाते, आणि त्याचे कारण मी वर सांगितलेच आहे.

हायमेनडॉर्फ १९०९ साली व्हिएन्ना येथे एका खानदानी घराण्यात जन्मले. किशोरवयातच रवींद्रनाथांचे वाङ्मय वाचून त्यांना हिंदुस्थानची ओढ लागली. व्हिएन्नाच्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकून ते लंडनला मालिनोव्स्की यांच्या अभ्यासवर्गात बसले आणि १९३६ साली आसामच्या नागा टेकड्यांत गेले. १९३८ मध्ये बेटी बार्नार्डो या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या बाई पुढे जन्मभर त्यांच्या संशोधनातील सहकारी राहिल्या. त्यांच्या टिपणांवाचून पतीचे ग्रंथ उभे राहिले नसते, असे मला वाटते.

१९३९ मध्ये हे दांपत्य हिंदुस्थानात असतानाच महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळलेला, म्हणून यांच्या हाती जर्मन पारपत्र. कायद्याने हा मनुष्य शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. असल्या परदेशीयांची रवानगी काटेरी तारांच्या छावणीत होत असे. पण ज्या इंग्रज अधिकाऱ्यांवर त्यांना अटक करण्याची पाळी आली ते त्यांचे स्नेही होते. त्यांनी क्षमा मागत मागत अटक केली, आणि निजामाच्या राज्याबाहेर जाऊ नये एवढ्या अटीवर त्यांना मोकळे ठेवले. युरोपात शेजारी शेजाऱ्याला पकडून देत होता असा तो काळ. काही सरकारी माणसांच्या भिडेमुळे एका शत्रूला हैदराबाद संस्थानाएवढा प्रशस्त तुरुंग मिळाला. आपल्या भागाचे नशीब पालटणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा उगम या भिडेत आहे.

नल्लमलाच्या रानातील चेंचूंचा अभ्यास त्यांनी प्रथम केला. इकडे १९४० साली आदिलाबाद जिल्ह्यात कुमरम भीम यांनी जमिनीच्या हक्कासाठी उठाव केला आणि जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. सरकार हादरले. हे लोक का उठले याचा शोध घेण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. सरकारचा हेतू सर्वस्वी निर्मळ होता असे मी म्हणणार नाही, कारण पुन्हा बंड होऊ नये ही चिंता त्यामागे उघड होती. परंतु माणूस मात्र योग्य निवडला गेला.

चौकशीला येणारा अंमलदार डाकबंगल्यात उतरतो, पटेल-पटवाऱ्यांना बोलावतो आणि दप्तर पाहतो. दप्तर पाहिले असते तर सर्व काही यथासांग दिसले असते, कारण ते लिहिणारे आम्हीच होतो. हायमेनडॉर्फ पतिपत्नी उटनूरकडील मार्लवाई या गोंडांच्या खेड्यात जाऊन राहिली, तीही गावातल्यासारख्याच कुडाच्या घरात. दंडारीच्या दिवसांत मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचत तेव्हा ही दोघे अंगणात बसून असत. परधान किकरीवर देवांच्या कथा गात तेव्हा ती टिपून घेत. गावच्या लच्छू पटेलाशी त्यांचा असा घरोबा झाला की पुढे दांपत्याला मुलगा झाला तेव्हा गोंडांनी त्याला याच पटेलाचे नाव ठेवले.

१९४८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ जाडजूड आहे. चार, पाच, सहा आणि सात भावांची कुळे, पेरसापेनाची पूजा, सोयरिकी, अंत्यविधी, सारे त्यात बारकाईने आले आहे. मला त्यात विशेष वाटले ते निराळेच. ज्या लोकांचे रान जंगलखात्याने राखीव केले, ज्यांच्या नावे पट्टा नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन ‘शिवाय-जमाबंदी’ ठरली आणि नंतर आलेल्या मराठी, तेलुगू व इतर शहाण्यांच्या नावे चढली, ज्यांतले कित्येक थोड्या कर्जापायी भगेले होऊन राबत होते, त्या लोकांत आपसांतला तंटा पंचांसमोर बसून मिटतो, दिलेला शब्द पाळला जातो, नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून कोणी तोंडात घालीत नाही, हे या मनुष्याने आवर्जून पाहिले. काही विद्वानांच्या मते त्यांनी गोंडांचे चित्र जरा अधिकच उजळ रंगविले. असेल. आम्ही तर त्यांच्यामध्ये राहून धान्याच्या मापाशिवाय दुसरे काही पाहिले नव्हते.

पुढची वर्षे त्यांनी या पाहण्याचे काम करून दाखविले. त्या वेळी निजामाच्या दरबारात ग्रिगसन हे महसूलमंत्री होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे सल्ला ऐकणारा कान मिळाला. १९४३ साली मार्लवाईस गोंड शिक्षकांचे शिक्षणकेंद्र निघाले. मुलांची पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत छापली गेली, कारण त्या भागात ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. ज्या लिपीत आमची गहाणखते लिहिली जात त्याच लिपीत गोंडांचे पोर आपल्या भाषेतला पहिला शब्द वाचू लागले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अंमलदारांनी स्वतः येऊन बसावे आणि आदिवासींची गाऱ्हाणी समक्ष ऐकावीत, हा दरबाराचा प्रघातही त्याच दशकात त्यांच्या पुढाकाराने पडला आणि तो टिकला. फसली १३५६ मध्ये आदिवासी क्षेत्रांचा कायदा झाला. त्या काही वर्षांत दीड लाख एकरांच्या घरात जमीन दहा हजारांवर कुटुंबांच्या नावे पट्ट्याने लागली.

येथे एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना मानतो ते सेतुमाधवराव पगडी त्या वेळी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या आदिवासींचे काम त्यांच्याकडे होते. ते गोंडी शिकले, कोलामीही शिकले, आणि दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. आमच्याच जातकुळीतला एक अंमलदार झाडाखाली बसून गोंडांची भाषा गिरवतो आहे, याचे त्या काळच्या पटवाऱ्यांना काय वाटले असेल, याची मी कल्पना करू शकतो.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर लवकरच हायमेनडॉर्फ लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत गेले आणि १९५१ पासून तेथे आशियाई मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. नेपाळात शेर्पांवर त्यांनी केलेले काम जगभर गाजले. त्याविषयी येथे विस्तार करीत नाही.

१९७६ साली ते निवृत्त झाले आणि पुन्हा आदिलाबादेस आले. या परत येण्याविषयी वाचताना माझा हात थांबतो. जे पट्टे त्यांच्या डोळ्यांदेखत वाटले गेले त्यांतली कितीतरी जमीन कायदा असूनही पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेली होती. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे ज्यात घातली ते विस्कटलेले पाहण्याची पाळी पासष्टीपुढच्या माणसावर आली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस गोळीबार होऊन जमिनीसाठी जमलेले गोंड पुन्हा पडले. १९८२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या अधोगतीचा हिशेब कोणाची भीड न ठेवता मांडला आहे. पण मार्लवाईला जाणे त्यांनी सोडले नाही. जमीन गेलेल्या घरांतूनही त्यांचे स्वागत पूर्वीसारखेच होई.

१९८७ च्या जानेवारीत बेटीबाई हैदराबादेस वारल्या. त्यांना मार्लवाईच्या मातीत पुरण्यात आले. हायमेनडॉर्फ १९९५ च्या जूनमध्ये लंडनला निवर्तले. पुढे त्यांच्याही अस्थी तेथेच, पत्नीशेजारी आणण्यात आल्या. दर ११ जानेवारीला गोंड मंडळी तेथे जमून दोघांचे स्मरण करतात.

काही वर्षांपूर्वी मी मार्लवाईस जाऊन आलो. समाधीपाशी एक वृद्ध बसले होते. कोठून आलात, असे त्यांनी चांगल्या मराठीत विचारले. बाजारहत्नूर म्हटल्यावर त्यांनी कोणाचे घर म्हणून विचारले. मी आडनाव सांगितले आणि क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी ते नाव एकदा मनाशी म्हणून पाहिले, मग नातवाला हाक मारून माझ्यासाठी चहा आणावयास सांगितले, आणि उन्हात उभा होतो म्हणून स्वतः सरकून सावलीत जागा करून दिली.