नाशिकचे तात्यासाहेब

'कणा' ही कविता ऐकली नाही असा मराठी मुलगा आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण! गॅदरिंग असो की सेंड-ऑफ, कुणीतरी ती म्हणतोच. पण ती लिहिणाऱ्या कुसुमाग्रजांनी आपल्या गावासाठी काय केलं, हे मात्र आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा, पुण्यातला. दत्तक गेल्यावर गजाननचे विष्णु वामन शिरवाडकर झाले. बहीण कुसुम, तिचा थोरला भाऊ म्हणून 'कुसुमाग्रज'. बालपण पिंपळगाव बसवंतला गेलं, कॉलेज नाशिकला झालं. १९३२ साली ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरले. १९३३ मध्ये त्यांनी ध्रुव मंडळ काढलं आणि त्याच वर्षी 'जीवनलहरी' हा पहिला काव्यसंग्रह निघाला. वय किती? अवघं एकवीस! म्हणजे आपल्या बी.ई.च्या मुलाएवढं.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. थोडे दिवस सिनेमात काम केलं, मग वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं. १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून 'विशाखा' छापला आणि महाराष्ट्राला हा कवी कळला.

आपल्याला असा हात मिळाला, तसा इतरांनाही मिळावा, हे त्यांनी पुढे कृतीतून दाखवलं. १९५० मध्ये नाशिकला लोकहितवादी मंडळ उभं केलं. गावातल्या हौशी कलावंतांना त्यातून रंगमंच मिळाला. १९७० साली 'नटसम्राट' आलं, १९७४ ला साहित्य अकादमी, १९८७ चं ज्ञानपीठ. एवढं नाव झालं, तरी नाशिक काही सुटलं नाही. गावाचे ते 'तात्यासाहेब'च राहिले.

त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानतर्फे १९९२ पासून 'गोदावरी गौरव' दिला जातो. गंमत म्हणजे तो फक्त साहित्यिकांसाठी नाही! गायक, नर्तक, चित्रकार, नट, समाजसेवक आणि आपले विज्ञानवालेसुद्धा त्यात येतात. कवीच्या घरचा सन्मान, पण दार सगळ्यांना उघडं.

१० मार्च १९९९ रोजी तात्यासाहेब गेले. त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो, भाषणं ठोकतो, फोटोला हार घालतो. पण शेजारच्या रूममधला एखादा चोरून कविता लिहीत असेल, एखादा बाथरूममध्ये छान गात असेल. त्याला स्टेजवर ओढून आणणं, हाच तात्यासाहेबांना खरा नमस्कार. सबमिशनं काय, चालूच राहतील!