अर्ल सदरलँड

अर्ल विल्बर सदरलँड (जन्म : १९ नोव्हेंबर १९१५, मृत्यू : ९ मार्च १९७४) हे अमेरिकन औषधशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ होते. संप्रेरकांच्या कार्यपद्धतीवरील संशोधनासाठी त्यांना १९७१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

सदरलँड यांचा जन्म कॅन्सस राज्यातील बर्लिंगेम येथे झाला. वॉशबर्न महाविद्यालयातून १९३७ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९४२ मध्ये एम.डी. पदवी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९४५ मध्ये परतल्यावर वैद्यकीय व्यवसायाऐवजी त्यांनी कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन स्वीकारले. १९५३ पासून क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, तर १९६३ पासून नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ते प्राध्यापक होते. १९७३ मध्ये ते मायामी विद्यापीठात गेले. मायामी येथेच त्यांचे निधन झाले.

संशोधन

ॲड्रेनलिनमुळे यकृतातील ग्लायकोजेनचे ग्लुकोज होते. या क्रियेतील फॉस्फोरिलेज हे विकर फॉस्फेट गट जोडला गेला की सक्रिय होते आणि तो निघाला की निष्क्रिय होते, असे सदरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. संप्रेरकाचा परिणाम केवळ अखंड पेशींतच दिसतो, असा तेव्हा समज होता. सदरलँड व थिओडोर रॉल यांनी तो फोडलेल्या यकृतपेशींच्या मिश्रणातही दाखवला. मात्र पेशीपटलांचे तुकडे काढून टाकल्यास परिणाम नाहीसा होई. त्या तुकड्यांवर संप्रेरकाची क्रिया घडवून मिळालेला द्रव उकळून उरलेल्या मिश्रणात घातला, तरी विकर सक्रिय होई. म्हणजेच संप्रेरक पटलापाशी एक उष्णतास्थिर पदार्थ निर्माण करत होते. तो चक्रीय ॲडेनोसीन मोनोफॉस्फेट असल्याचे पुढे निश्चित झाले. संप्रेरक हा पहिला निरोप्या व हा रेणू दुसरा निरोप्या, ही संकल्पना यातून रुजली. एकच रेणू अनेक संप्रेरकांचा निरोप पोहोचवतो, याबाबत अनेक शास्त्रज्ञ प्रथम साशंक होते.

जनुक नियमनातील महत्त्व

हा रेणू प्रथिन कायनेज ए या विकराला कार्यान्वित करतो, असे १९६८ मध्ये एडविन क्रेब्ज व सहकाऱ्यांनी दाखवले. सदरलँड यांच्या निधनानंतर या साखळीचा केंद्रकातील भागही उलगडला. हे विकर केंद्रकात शिरून क्रेब या प्रतिलेखन घटकाच्या १३३ व्या सेरीनला फॉस्फेट जोडते. क्रेब जनुकाच्या प्रवर्तकातील ठरावीक डीएनए क्रमाला बांधले जाते, परंतु सहसक्रियक प्रथिन सीबीपी त्याच्या फॉस्फेटयुक्त रूपालाच घट्ट चिकटते. सीबीपीमुळे आरएनए पॉलिमरेजसह प्रतिलेखनाची यंत्रणा तेथे जुळून येते व जनुक कार्यरत होते. यकृतातील साखरेच्या अभ्यासातून सापडलेला हा रेणू अशा प्रकारे जनुक नियमनाच्या अभ्यासातही मूलभूत ठरला.