विश्लेषण : पत्री सरकारचा धाक आणि क्रांतिसिंहांपुढचा पेच

आधी सरकारी दप्तर सांभाळणारा तलाठी, मग भूमिगत बंडखोर आणि पुढे खुद्द एका सरकारचा चेहरा. क्रांतिसिंह नाना पाटील (३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६) यांच्या या प्रवासात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जुलमी सत्ता हटवायची, पण तिच्या जागी आलेला आपला धाक कुठे थांबवायचा?

येडेमच्छिंद्रच्या नानांवर सत्यशोधक चळवळीचा प्रभाव होता. १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. म्हणजे मुळात ते गांधीजींच्याच वाटेवरचे.

प्रतिसरकार नेमके काय करत होते?

१९४२ नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा सांगलीचा मोठा भाग त्यातच होता) १९४३ ते १९४६ या काळात समांतर कारभार चालला. गावोगावी न्यायदान मंडळे बसली, कोर्टकचेरीत अडकलेले तंटे गावातच मिटू लागले. दारूबंदी झाली, कमी खर्चातले ‘गांधी विवाह’ लागले. कुंडलच्या तुफान सेनेतले जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे तरुण कार्यकर्ते आपापल्या भागात कारभार पाहत. सभा जिंकायची ती नानांच्या रांगड्या भाषणाने.

याची दुसरी बाजूही होती. खबरे, दरोडेखोर, गरिबांना नाडणारे सावकार आणि स्त्रियांवर अत्याचार करणारे यांना शिक्षा होत असे. तळपायांवर फटके बसत. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले ते याच शिक्षेशी जोडून. घोड्यासारखे नाल ठोकत, ही लोकांच्या तोंडी वाढलेली गोष्ट. पण त्या गोष्टीनेही धाक वाढला, हे खरे. शिक्षा योग्य माणसालाच झाली की कुणी जुने वैर काढले, हे तपासायला वर दुसरे कोर्ट नव्हते. होता तो फक्त नेत्यांचा विवेक.

गांधीजींचा सल्ला का मानला नाही?

१९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्यास सांगितले. साताऱ्याची मंडळी बाहेर आली नाहीत. ज्यांना गुरू मानले त्यांचा शब्द मोडायचा, की विश्वास टाकलेल्या गावांना पोलिसांच्या हाती सोडायचे? नानांनी गावांची बाजू घेतली. हा निर्णय अहिंसेच्या कसोटीवर टिकत नाही. गावकऱ्यांच्या कसोटीवर टिकतो.

हाती आलेली सत्ता गेली कुठे?

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि नाना भूमिगत अवस्थेतून बाहेर पडले. प्रतिसरकारचा कारभार आवरला गेला. पत्री सरकारचा दबदबा वापरून जिल्हा मुठीत ठेवणे अशक्य नव्हते. नानांनी मात्र सत्ताधारी पक्षाची सावली सोडून शेतकरी कामगार पक्ष आणि नंतर कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली. कालच्या सोबत्यांविरुद्ध उभे राहून, मते मागून ते १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही.

मिरजेत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात झाले.