नेमबाज डॉक्टर : सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पेनिसिलिनच्या शोधाची गोष्ट आपण सर्वांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचली आहे. काचेच्या बशीत चुकून बुरशी वाढली आणि जगाला औषध मिळाले, एवढीच ती आपल्याला ठाऊक असते. पण ती बशी पाहणारे डॉक्टर चौदा वर्षे एका पलटणीत शिपाई होते, उत्तम नेमबाज होते आणि पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात काम करत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या कॅडेट्सना त्यांच्या आयुष्याचा हाच भाग जास्त जवळचा वाटेल.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे ते लंडनला थोरल्या भावाकडे शिकायला गेले. शिक्षण झाल्यावर एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी चार वर्षे कारकुनी केली. १९०० साली बोअर युद्धाच्या काळात ते भावांबरोबर लंडन स्कॉटिश या स्वयंसेवक पलटणीत भरती झाले. प्रत्यक्ष युद्धावर जाण्याची वेळ आली नाही, पण कवायत आणि नेमबाजी त्यांच्या अंगात मुरली. त्याच सुमारास एका काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले आणि १९०१ साली त्यांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण सुरू केले.

१९०६ साली ते डॉक्टर झाले. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. पण सेंट मेरीजच्या रायफल क्लबला आपला चांगला नेमबाज सोडायचा नव्हता. रुग्णालयातच राहता यावे म्हणून क्लबच्या कप्तानाने त्यांना सर अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. हे राइट म्हणजे सैनिकांसाठी टायफॉइडची लस तयार करणारे डॉक्टर. प्लेग कमिशनचे सदस्य म्हणून ते १८९८ साली भारतातही आले होते. अशा रीतीने रायफलमुळे फ्लेमिंग जिवाणूंच्या अभ्यासाकडे वळले.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. राइट आणि फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोन येथे गेले. तिथे एका कॅसिनोच्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते. गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जखमी झालेले सैनिक रोज येत. जखमेत शेतातली माती आणि गणवेशाच्या चिंध्या गेलेल्या असत. जखमा चिघळत, सडत आणि गोळीतून वाचलेला जवान जिवाणूंमुळे मरत असे. तेव्हाचा उपाय म्हणजे कार्बोलिक ॲसिडसारखी जंतुनाशके जखमेत ओतणे. फ्लेमिंग यांनी एक काचेची नळी तापवून तिला बाजूंनी काटे काढले आणि जखमेच्या आतल्या कोपऱ्यांची नक्कल केली. नळीत जंतुनाशक घातले तरी काट्यांच्या टोकात जिवाणू जिवंतच राहत. शिवाय जंतुनाशकामुळे जिवाणूंच्या आधी आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी मरत. म्हणजे शत्रूपेक्षा आपल्याच सैन्याचे जास्त नुकसान! अनेक वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. पण जिवाणूला मारेल आणि माणसाला धक्का लावणार नाही असे औषध हवे, हा विचार फ्लेमिंग यांच्या मनात पक्का झाला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परत आल्यावर त्यांनी जिवाणूंच्या जुन्या बशा पाहिल्या. एका बशीत बुरशी वाढली होती आणि तिच्या आसपासचे स्टॅफिलोकॉकस जिवाणू नाहीसे झाले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी बुरशी वेगळी वाढवली, तिच्या रसाला पेनिसिलिन नाव दिले आणि युद्धात केलेली चाचणी पुन्हा केली. पांढऱ्या पेशींना काहीही अपाय झाला नाही. म्हणून मला वाटते की हा शोध नुसत्या नशिबाचा नव्हता. काय शोधायचे ते त्यांना बुलोनमध्येच कळले होते.

पेनिसिलिन कोणावर चालते याची यादीही त्यांनी १९२९ साली प्रसिद्ध केली. पू करणारे स्टॅफिलोकॉकस, घसा धरवणारे स्ट्रेप्टोकॉकस, न्यूमोनियाचे आणि घटसर्पाचे जिवाणू यांच्यावर ते चालत होते. टायफॉइड आणि कोलाय जिवाणूंवर मात्र चालत नव्हते.

असे का, ते पुढे कळले. जिवाणूभोवती तारेच्या जाळीसारखी मजबूत भित्तिका असते. तिचे दुवे जोडण्याचे काम एक विकर करते. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक चौकोनी कडे असते, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. विकर हे कडे आपला नेहमीचा माल समजून पकडते आणि कायमचे अडकून बसते. मग वाढत्या जिवाणूची भित्तिका कच्ची राहते, आत पाणी शिरते आणि तो फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून त्या सुरक्षित राहतात. काही जणांना मात्र पेनिसिलिनची ॲलर्जी असते. टायफॉइड आणि कोलाय जिवाणूंना भित्तिकेच्या बाहेर आणखी एक पटल असते. त्यातून मूळ पेनिसिलिन नीट आत जात नाही. पुढे ॲमॉक्सिसिलिन आणि सेफ्ट्रायॲक्सोन अशी याच कुळातील नवी औषधे आली. सेफ्ट्रायॲक्सोन तर टायफॉइडवरही देतात. सर्दी आणि फ्लूच्या विषाणूंना भित्तिकाच नसते, त्यामुळे त्यांच्यावर या औषधांचा काही उपयोग नाही.

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन शुद्ध करता आले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक स्ट्रेप्टोकॉकस टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. १९४१ साली अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला औषध दिले. तो सुधारू लागला, पण औषध संपले आणि तो वाचला नाही. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यासोबत पेनिसिलिन होते. बुलोनमध्ये ज्या जखमांपुढे डॉक्टर हतबल होते, त्या जखमांचे सैनिक आता बरे होऊन घरी जाऊ लागले.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात फ्लेमिंग यांनी जगाला एक इशारा दिला. औषध कमी मात्रेत घेतले तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला तोंड द्यायला शिकतात, असा त्याचा अर्थ होता. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात भारताचे स्वतःचे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या कारखान्याला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली होती.

त्यांचा इशारा खरा ठरला आहे, आणि तोही आपल्या अगदी जवळ. काही जिवाणू बीटा-लॅक्टम कडे तोडणारे विकर तयार करतात. अशाच एका विकराला आपल्या राजधानीचे नाव आहे : न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ साली ते सापडले. रुग्णालयात अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही ते निकामी करते. या नावाला भारतातून विरोध झाला, पण नाव बदलून धोका टळत नाही. आर. के. पुरमच्या औषधाच्या दुकानातही पाहा, अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे.

मित्रांनो, नेमबाजीच्या मैदानावर आपल्याला पहिला नियम शिकवतात की आधी लक्ष्य ओळखा, मगच गोळी झाडा. उगाच गोळ्या वाया घालवायच्या नसतात. फ्लेमिंग यांच्या औषधाचाही हाच नियम आहे. एम. आय. रूममध्ये डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नका, उरलेल्या गोळ्या मित्राला देऊ नका आणि साध्या सर्दीसाठी त्या मागू नका. उद्या आपल्यापैकी कोणी सीमेवर जखमी झाला, तर हीच औषधे त्याच्या कामाला आली पाहिजेत.