श्वासावर मोजलेली पृथ्वी

तेविसाव्या वर्षी आपण काय करत असतो? कुणी एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला असतं, कुणी इंटरव्ह्यूच्या चकरा मारत असतं. आर्यभटानं आपलं हे वय गणितात नोंदवून ठेवलंय. कलियुगाची साठ गुणिले साठ वर्षं सरली, तेव्हा त्याच्या जन्माला २३ वर्षं झाली होती. हिशेब केला की ते वर्ष येतं इ.स. ४९९ आणि जन्म ४७६. त्याचा ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ साधारण याच वयातला मानतात.

आता साठच का? साठात मोजायची सवय मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. चार हजार वर्षांपूर्वी तिथले लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर साठाच्या पटीत आकडे लिहायचे. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२ अशा कितीतरी संख्यांनी भाग जातो, त्यामुळे वाटण्या सोप्या होतात. अंशाचे साठ भाग करायची रीत तिथून ग्रीकांकडे आणि त्यांच्याकडून आपल्या ज्योतिषात आली. या साठाव्या भागाला आपल्याकडे ‘कला’ म्हणतात आणि ‘लिप्ता’ही. लिप्ता हा शब्द मुळात ग्रीकच. दिवसाच्या साठ नाड्या मात्र आपल्याकडे वेदांग ज्योतिषापासूनच होत्या.

आर्यभटाला जुने टीकाकार अश्मक देशाचा म्हणतात. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याचं काम गाजलं ते कुसुमपुरात, म्हणजे आजच्या पाटण्यात. ग्रंथ अगदी छोटा, जेमतेम १२१ श्लोकांचा. तेव्हा सगळं पाठ करायचं, म्हणून त्यानं आकड्यांसाठी अक्षरांची स्वतःची पद्धत काढली. युगाच्या वर्षांचा ४३,२०,००० हा आकडा त्यानं फक्त दोन अक्षरांत बसवला!

पण खरी गंमत पुढे आहे. नाडी म्हणजे आपली घटका, २४ मिनिटांची. तिचा साठावा भाग म्हणजे पळ, २४ सेकंदांचं. एका पळात सहा ‘प्राण’, म्हणजे सहा शांत श्वास. करा गुणाकार: ६० गुणिले ६० गुणिले ६, दिवसाचे २१,६०० श्वास. आता वर्तुळ घ्या. ३६० अंश, प्रत्येकाच्या ६० कला, एकूण पुन्हा २१,६००. आर्यभटानं हे दोन्ही जोडून सरळ सांगून टाकलं, की एका श्वासात पृथ्वी एक कला फिरते. आकाश नाही, पृथ्वी! पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे सरकताना दिसतात, हेही त्यानं समजावलं.

हे पचणं अवघड होतं. वराहमिहिरानं शंका काढली, की पृथ्वी फिरत असेल तर उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये विचारलं, मग उंच वस्तू कोसळत का नाहीत? प्रश्न बिनडोक नव्हते. जडत्वाची कल्पना यायला अजून हजार वर्षं होती, त्यामुळे त्यांना पुरं पडेल असं उत्तर कुणाकडेच नव्हतं. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आर्यभटाला मानणाऱ्या नंतरच्या काही टीकाकारांनीच त्या ओळीतलं एक अक्षर बदललं आणि पृथ्वीच्या जागी तारामंडळ फिरवलं. गुरू चुकला असं म्हणवत नव्हतं, आणि तो म्हणतो ते पटतही नव्हतं.

पण आकडे तसेच राहिले. एका युगात पृथ्वीच्या फेऱ्या किती, तर १,५८,२२,३७,५००. त्यावरून एका फेरीचा वेळ काढला तर येतो २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद. आजच्या मोजमापाशी हा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळतो.

लग्नात अजूनही कुठे कुठे पाण्यात घटिकापात्र सोडतात. आपणही मित्राला ‘घटकाभर थांब’ म्हणतोच. पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा मनात हिशेब करून बघा: ३६० श्वास, आणि तेवढ्यात आपल्या पायांखालची पृथ्वी सहा अंश फिरलेली असते.