विरजण, वार्धक्य आणि मेचनिकॉव्ह

यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला असलेल्या झरी जामणी तालुक्यात रात्री कोमट दुधाला विरजण लावणाऱ्या गृहिणीला एली मेचनिकॉव्ह हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही तिच्या विरजणाला शास्त्राच्या दरबारात मानाचे आसन मिळाले ते याच संशोधकामुळे; आणि ‘उपकारक जंतूं’च्या नावाने आज जो बाजार भरला आहे, त्याचे मूळही त्यांच्याच एका उतावळ्या सिद्धांतात आहे.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकोवजवळ झाला. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा ते जीवनालाच विटले होते. त्यातून सावरलेल्या या माणसाने १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला. काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी पाहून, शरीरातील भक्षक पेशी शत्रूला गिळून टाकतात, हा विचार त्यांनी मांडला. १८८८ पासून पॅरिसची पाश्चर संस्था हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९०८ साली एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातील शिष्य. महाराष्ट्रावर त्यांचे ऋण आहे ते असे.

उतारवयात त्यांना वार्धक्याच्या कोड्याने पछाडले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे निर्माण होतात आणि माणूस अकाली जराजर्जर होतो, असे त्यांचे मत बनले. दुधातील साखरेचे आम्ल करणारे जंतू ही कुजण्याची क्रिया रोखतील, या विश्वासाने ते आंबवलेले दूध नेमाने घेऊ लागले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा त्यांनी दाखला दिला आणि युरोपात आंबट दुधाची लाट आली. ते स्वतः मात्र १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने निवर्तले.

पुढे बल्गेरियन जंतू आतड्यात मुक्काम करीत नाही, असे आढळले. आतड्यातील विषाचा सिद्धांतही मागे पडला. प्रश्न मात्र जिवंत राहिला. मातेच्या दुधातील काही शर्करा बालकाला पचत नाहीत. त्या त्याच्या आतड्यातील हितकारक जंतूंचे अन्न होतात. कांदा-लसणातील न पचणारी कर्बोदकेही अशाच जंतूंना पोसतात. जंतूंच्या या शिधासामग्रीला ‘प्रीबायोटिक’ हे नाव १९९५ साली मिळाले. २००१ मध्ये तज्ज्ञांनी ‘प्रोबायोटिक’चीही कसोटी ठरविली : जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा लाभ सिद्ध झालेला हवा. एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या पदरात आपोआप पडत नाही.

मितवेतनी कुटुंबाने महागडी बाटली घेताना हीच कसोटी लावावी. घरचे दही उत्तम अन्न आहे. ते अमृत ठरविण्याची गरज नाही. दह्याने जरा टळते, हा मेचनिकॉव्ह यांचा निष्कर्ष काळाने पुसून टाकला. पण जंतूंमध्ये केवळ वैरी न पाहता सोबतीही शोधणारी त्यांची दृष्टी टिकली. त्यांचा खरा वारसा आहे तो हाच.